घासलेला शिक्का

कादोवाकी शिगेओच्या हातून पंचेचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या गालावर रक्ताचा टिपूस आला नव्हता. कुरायोशीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि हेही तितकंच ठाऊक होतं, की हा न्हावी कुठल्याही कागदावर सहीच्या जागी मारायचा आपल्या नावाचा शिक्का मारत नाही. गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर ‘वाचलं’ म्हणून उमटवायचा इवलासा शिक्कासुद्धा तो बायकोकडून मारून घ्यायचा. पार्सल आलं की वस्तरा हातात तसाच धरून आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, “नोबुए, अगं शिक्का!”

“शिगे-सान, उद्या यमाचा माणूस दारात आला ना, तर त्यालाही ताटकळत ठेवाल तुम्ही,” निवृत्त पोस्टमन निशिओ बाकावरून म्हणायचा. “म्हणाल, पोच द्यायला बायको येतेय, तोवर बसा.”

सगळं दुकान हसायचं. शिगेओही हसायचा, पण ते हसू काही त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

तो अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापाचं, इसाओचं, डोंगराकडच्या एका गावात स्वतःचं दुकान होतं. इसाओच्या चुलतभावाने, उमेकिचिने, लाकूड कापायची गिरणी काढली आणि कर्जाला जामीन राहा म्हणून इसाओला गळ घातली. येताना त्याने बाटली आणली होती, भला मोठा मासा आणला होता. दोन पेल्यांच्या मधे जागा करून कागद पसरला गेला आणि इसाओने नोंदणीचा, म्हणजे सरकारदरबारी नोंदलेला शिक्का मारला. नात्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दीड वर्षाने उमेकिचि बायकामुलांसकट नाहीसा झाला. मग एका बुधवारी भर दुपारी कोर्टाची तीन माणसं आली. बूट काढून, वाकून नमस्कार करून आत शिरली आणि रेडिओवर, कपाटावर, आईच्या शिवणयंत्रावर जप्तीचे कागद चिकटवत गेली. शेवटी त्यांनी दुकानातल्या खुर्चीलाही कागद लावला. खुर्चीत शाळेचे मास्तर बसले होते, अर्ध्या तोंडाला फेस तसाच. इसाओने त्या माणसांना विचारलं, “एवढी दाढी पुरी करू का?” त्यांनी मान डोलावली. त्याने दाढी पुरी केली, गरम फडक्याने मास्तरांचं तोंड पुसलं आणि पैसे घेतले नाहीत.

त्याच संध्याकाळी इसाओने धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडलं आणि शिक्का उलटा धरून घासायला घेतला. पोरगा समोर बसून बघत होता. नावाच्या रेघा एकेक करून गेल्या. शिक्क्याचं तोंड नखासारखं गुळगुळीत होईपर्यंत बाप थांबला नाही. पुढे त्याने उरलेलं आयुष्य कुरायोशीत दुसऱ्याच्या दुकानात काढलं. शिगेओने स्वतःचं दुकान उघडलं त्या दिवशी म्हाताऱ्याने तो कोरा शिक्का मुलाच्या तळहातावर ठेवला. “कुणी शिक्का मागितला तर हा दाखव,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो वस्तऱ्यांच्या खणात पडून होता.

शिगेओचा स्वतःचा नोंदणीचा शिक्काही होता. दुकानाची इमारत घेताना नगरपालिकेत नोंदवावाच लागला होता. त्यानंतर तो रेशमी फडक्यात गुंडाळून कपाटात गेला तो गेलाच. त्या कपाटाजवळ झाडू मारतानाही शिगेओ अंग चोरून घ्यायचा.

ऑक्टोबर उजाडता उजाडता चिनात्सुचा फोन आला. एकुलती एक लेक, छत्तीस वर्षांची, ओसाकात नोकरी करणारी. आठ वर्षांपूर्वी तिने हिसाशीशी लग्न केलं होतं. जावई कसा, तर दर वर्षअखेरीला न चुकता डुकराच्या मांसाची उत्तम पेटी पाठवणारा, फोनवरसुद्धा वाकून बोलतोय असं वाटावं इतका नम्र. शिगेओ गिऱ्हाइकांना त्याच्या गोष्टी सांगायचा.

“बाबा, एक काम होतं,” चिनात्सु म्हणाली. “मी एक छोटी जागा भाड्याने घेतेय. कामासाठी. तुम्ही जामीन राहाल?”

“हिसाशी-सान आहेत की.”

“ते नको. घरमालकीण जुन्या वळणाची आहे, तिला रक्ताच्या नात्यातलंच माणूस हवंय. जामीनकीच्या कंपन्या असतात त्याही तिला चालत नाहीत. म्हणून तर जागा स्वस्त आहे. मी कागद पाठवते. नोंदणीचा शिक्का आणि तो तुमचाच असल्याचा नगरपालिकेचा दाखला, एवढंच.”

“एवढंच” हा शब्द शिगेओच्या कानात घुमत राहिला. उमेकिचिही एवढंच म्हणाला होता.

कागद आले. जाड पाकीट होतं. शिगेओने ते पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बापाच्या फोटोपुढे ठेवलं. आमच्याकडे महत्त्वाचा कागद आधी घरातल्या मेलेल्या माणसांना दाखवायची रीत आहे. पण दाखवून झाल्यावर तो उचलायचाही असतो, हे शिगेओ सोयीस्करपणे विसरला. तीन दिवस पाकीट तिथेच राहिलं. चौथ्या दिवशी नोबुएने ते ताटाशेजारी आणून आदळलं.

“बापाने घर घालवलं ते भावापायी. ही पोटची पोर आहे. एका खोलीचं भाडं, गिरणी नव्हे ती!”

“तू बघितलं नाहीस तेव्हा.”

“चाळीस वर्षं ऐकतेय, बघितल्यासारखंच झालंय.”

शेवटी शिगेओने पाकीट फोडलं, पण कागद वाचायचं धाडस काही त्याला झालं नाही. अक्षरांवरून नजर नुसती घसरत गेली. शेवटच्या पानावर जामिनाचा रकाना होता, तिथे त्याने नाव लिहिलं आणि मग जे केलं त्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती. कपाट न उघडता त्याने पार्सलचा रोजचा शिक्का उचलला, बाजारात कुठेही मिळतो तसला, आणि तो मारला. दाखला आणायला नगरपालिकेत गेलाच नाही. कागद परत येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. येऊ देत. तोवर पोरीचा विचार बदलेल, दुसरा कुणी सापडेल. आपण तर शिक्का मारला, आपल्याला कोण काय म्हणणार? नोबुएलाही त्याने तेच सांगितलं, “मारला बाई एकदाचा.”

कागद परत गेले ते चिनात्सुच्या कचेरीत. आणि दुसऱ्या सोमवारी ती स्वतःच दारात उभी राहिली. सोमवार म्हणजे न्हाव्यांच्या सुट्टीचा वार, त्यातून तो सरकारी सुट्टीचाही दिवस होता. सकाळच्या बसने आली होती, दुपारच्या बसने परत जायचं होतं. अंगाने वाळली होती. नोबुए पुढे झाली तशी ती हसली, पण शिगेओकडे वळून म्हणाली, “बाबा, हजार माणसांच्या दाढ्यांत कुणाचा केस कुठे उलटा वळतो ते तुम्हाला आठवतं. दोन शिक्क्यांतला फरक कळला नाही होय?”

“मी... डोळे...” शिगेओ पुटपुटला.

“राहू दे. केस कापा माझे. वाढलेत.”

बंद दुकानाचा पडदा न उघडता त्याने तिला खुर्चीत बसवलं. लहानपणी फळीवर उशी ठेवून बसवायचा तीच ही खुर्ची. केस ओले केले, विंचरले, मागून वर उचलले. आणि कात्री त्याच्या हातात तशीच राहिली.

उजव्या कानामागे दोन बोटं रुंदीची जागा मोकळी होती. केस गळले की कडा विरळ होत जातात. चाई पडली की कातडी गोल आणि चकचकीत दिसते. हे त्यातलं काही नव्हतं. इथले केस मुठीत धरून उपटले होते. खपली नुकती धरली होती. पंचेचाळीस वर्षं डोकी हाताळणाऱ्या माणसाला खपलीचं वय सांगावं लागत नाही. हे आठवड्याच्या आतलं होतं. म्हणजे कागद परत गेल्यानंतरचं. म्हणजे त्याने कपाट न उघडल्यानंतरचं.

आरशात लेक त्याच्याकडे बघत होती.

“त्या खोलीत राहणार कोण?” त्याने विचारलं.

“मी एकटी. पहिल्याच पानावर लिहिलंय, बाबा. तुम्ही वाचलं नाही.”

मग तिने सांगितलं, तेही थोडक्यात, जणू दुसऱ्याच कुणाचं. उद्या मंगळवार. परवा संध्याकाळपर्यंत खरे कागद जागेच्या दलालाच्या हातात पडले तर गुरुवारी किल्ली. नाही पडले तर जागा दुसऱ्याला. तोवर घरी काहीच घडत नाहीये असं दाखवायचं. हिसाशीला वाटतंय ती आज कचेरीच्या सहलीला गेली आहे.

“इथेच राहा,” नोबुए रडत म्हणाली. “जाऊच नकोस.”

“आई, तो पहिल्यांदा इथेच येईल. आणि त्याला तुम्हीच चहा द्याल. तो इतकं गोड बोलतो की मलासुद्धा कधीकधी माझंच चुकलंय असं वाटतं.”

नगरपालिका बंद होती, म्हणून दाखला त्या दिवशी मिळणार नव्हता. तिने कागद बापाकडे दिले. ती निघताना नोबुएने तिच्या पिशवीत चार नासपती कोंबल्या. इथल्याच बागेतल्या, शेवटच्या तोडणीच्या होत्या. पोर नको नको म्हणत होती, पण माहेराहून लेकीला रिकाम्या हाताने पाठवणारी आई आमच्या तोत्तोरी प्रांतात अजून जन्मायची आहे.

मंगळवारी सकाळी शिगेओने दुकानाबाहेर ‘बारानंतर’ अशी पाटी लावली आणि नगरपालिकेतून दाखला आणला. घरी येऊन त्याने कागद पहिल्या ओळीपासून वाचले. राहणारी व्यक्ती, एक. भाडं थकलं, घराची नासधूस झाली, तर जामिनाने अमुक रकमेपर्यंत भरायचं. रक्कम त्याने दोनदा वाचली, नजर हलू दिली नाही. मग कपाट उघडलं, रेशमी फडकं सोडलं. शिक्का शेंदरी शाईत दाबला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. वस्तरा धरताना न थरथरणारा हात! त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि शिक्का टेकवला. उचलला. ठसा स्वच्छ उमटला होता.

शिक्क्याचं तोंड पुसायला कागद शोधत बसण्याइतका धीर त्याच्यात उरला नव्हता. त्याने ते अंगठ्यानेच पुसलं.

पाकीट बंद करून त्यावर दलालाचा पत्ता लिहिला. पाच वाजता पोस्ट बंद होतं, वेळ भरपूर होता. पाकीट त्याने बापाच्या फोटोपुढे ठेवलं, हात जोडले आणि देव्हाऱ्याखालच्या खणात उदबत्त्यांच्या डबीशेजारी सरकवलं. दुपारची तीन गिऱ्हाइकं आटपली की जाऊ, असं ठरवून तो दुकानात आला. इथेच त्याचं चुकलं. पण आयुष्यभर कागदाला घाबरलेल्या माणसाला एकदा शिक्का मारला की सगळं संपलं असंच वाटतं.

तीनच्या सुमारास दाराची घंटा वाजली. हिसाशी आत आला. काळा सूट, हातात मिठाईचा खोका, ओठांवर हसू.

“बाबा, न कळवता आलो. माफ करा हं.”

बाकावर निशिओ वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो म्हणाला, “अरे वा, ओसाकाचे जावई! या या.” नोबुए आतून आली आणि उंबऱ्यातच खिळली.

“नासपती गोड होत्या, आई,” हिसाशी तिला म्हणाला. “ओसाकात असल्या मिळत नाहीत.”

चार नासपतींनी घात केला होता.

“आधी देव्हाऱ्यापुढे बसतो,” हिसाशी म्हणाला. सासुरवाडीला आलेला जावई दुसरं करणार तरी काय? बूट काढून तो आत गेला, गुडघे मोडून बसला आणि उदबत्तीसाठी त्याचा हात खालच्या खणाकडे गेला. त्याला घर माहीत होतं. दुकानाच्या दारातून शिगेओला ती पाठ दिसत होती, तो हात दिसत होता. ओरडावं तर काय ओरडणार?

“अहो, अहो, थांबा हिसाशी-सान!” नोबुए चहाचा ट्रे घेऊन अशी धावली की निम्मा चहा सांडला. “तो खण अडकतो मेला. मी देते.” ती त्याच्या आणि खणाच्या मधे शिरून बसली, खण चार बोटं उघडला, आत हात घालून चाचपली आणि दोन उदबत्त्या काढल्या. खण बंद झाला. हिसाशीने उदबत्त्या लावल्या, घंटी वाजवली आणि बराच वेळ हात जोडून बसला. तोवर नोबुए खणापुढून हलली नाही.

“बाबा, दाढी कराल माझी?” उठताना तो म्हणाला. “किती दिवसांत तुमच्या हातची झाली नाही.”

शिगेओने खुर्ची मागे टेकवली. गरम फडकं घातलं, फेस केला, लावला. फेसाने त्याची बोटंही भरली. हिसाशीचे डोळे मिटलेले होते. गळा वर आला होता.

“चिनात्सु काल आली होती,” हिसाशी तसाच डोळे मिटून म्हणाला. तो विचारत नव्हता.

“आली होती.”

“कशाला?”

नाही म्हणून चालणार नव्हतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मग एकदम त्याला उमगलं की नऊ दिवसांपूर्वी खरा शिक्का मारला असता, तर आज खोटं बोलावं लागलंच नसतं.

“शिक्का मागायला,” तो म्हणाला. “कुठल्याशा खोलीला जामीन राहा म्हणाली. मी दिली परत पाठवून.”

“परत पाठवलीत?”

“मी कुणाला शिक्का देत नाही.”

बाकावरचा निशिओ खो खो हसला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! “जावईबापू, तुम्ही कुणाकडे चौकशी करताय? हा माणूस गल्लीच्या पाटीवर शिक्का मारत नाही. तेहतीस वर्षं मी याच्या दारात रजिस्टर पत्रं घेऊन उभा राहिलो, एकदा म्हणून याने स्वतः पोच दिली नाही. पोटच्या पोरीला काय, सम्राटांनाही नाही म्हणेल!”

हिसाशीने डोळे उघडले. आरशातून तो शिगेओकडे बघत होता. “पण लेकीला नाही म्हणणं जड गेलं असेल.”

“माझ्या बापाचा शिक्का दाखवतो तुम्हाला,” शिगेओ म्हणाला आणि हात पुसून वस्तऱ्यांचा खण उघडला.

तेव्हा त्याला स्वतःचा अंगठा दिसला. फेस पुसला गेला होता आणि नखाच्या कडेला, कातडीच्या रेघारेघांत, शेंदरी शाई लखलखीत बसली होती. ती शाई साबणाने निघत नाही, आणि ती कशाची असते हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. पाठीमागे खुर्ची करकरली. जावई वळून बघत होता.

शिगेओने खणातल्या एका उघड्या वस्तऱ्यावरून अंगठा ओढला.

“अरे अरे!” तो म्हणाला. रक्त भळभळा आलं आणि मनगटापर्यंत गेलं.

निशिओ ताडकन उठला. “शिगे-सान! तुमचा हात चुकला?”

“वय झालं,” शिगेओ म्हणाला. त्याने पांढरं फडकं अंगठ्याभोवती करकचून गुंडाळलं आणि दुसऱ्या हाताने बापाचा शिक्का हिसाशीपुढे धरला. “हा बघा. माझा बाप जामीन राहिला आणि आम्ही रस्त्यावर आलो. मग त्याने हा दगडावर घासला. मला सांगून गेला, कुणी शिक्का मागितला तर हा दाखव. चिनात्सुलाही मी हाच दाखवला.”

हिसाशीने शिक्का घेतला, फिरवला. कोऱ्या तोंडावरून बोट फिरवलं. मग तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा खरं हसला.

“चिनात्सु म्हणायचीच. बाबा फार भित्रे आहेत म्हणून.”

“आहे खरा,” शिगेओ म्हणाला आणि कमरेत वाकला. “एवढी दाढी पुरी करू का?”

त्याने दाढी पुरी केली. अंगठा आत ठणकत होता, फडकं लाल होत होतं, पण वस्तरा गळ्यावरून सरळ गेला. गळ्याच्या घाटीवर येताना एक क्षण त्याच्या मनात जे येऊन गेलं ते त्याने पुढे नोबुएलाही सांगितलं नाही. गरम फडक्याने त्याने जावयाचं तोंड पुसलं आणि पैसे घेतले नाहीत.

“चिनात्सु हल्ली जरा थकलेली असते,” दारात बूट घालताना हिसाशी म्हणाला. “काहीतरी डोक्यात घेते. पण आता कुठे जायचं नाही म्हटल्यावर निवळेल. तुम्ही बरं केलंत, बाबा.”

“सांभाळा तिला,” नोबुए म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

घड्याळात सव्वाचार झाले होते. शिगेओ पडद्याच्या फटीतून बघत राहिला. हिसाशी गाडीत बसला. गाडी सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि तांदळाच्या दुकानासमोर थांबली. दिवे विझले. तो आत बसूनच होता. आरशातून त्याला हे दार दिसत होतं, मागची गल्लीही तिथेच निघत होती.

साडेचार. गाडी हलली नाही. पोस्ट त्या कोपऱ्याच्या पुढे होतं.

नोबुएने खणातून पाकीट काढून आणलं होतं. ती ते छातीशी धरून उभी होती. तो बाहेर पडला तर अंगठ्याला फडकं आणि हातात पाकीट. ती बाहेर पडली तर आणखीच संशय. पावणेपाच झाले. पोर तिकडे घरी पोचेल, जेवण करेल, आणि काहीच घडलं नाही असं दाखवत राहील.

निशिओ अजून बाकावरच होता. म्हातारा बडबड्या होता, मूर्ख नव्हता. त्याने शिगेओच्या अंगठ्याकडे पाहिलं, फडक्याच्या कडेला रक्ताबरोबर फुटलेल्या शेंदरी डागाकडे पाहिलं, मग नोबुएच्या हातातल्या पाकिटाकडे. उठला. पाकीट तिच्या हातातून घेतलं, पत्ता वाचला. ओठ घट्ट मिटले. मग त्याने ते वर्तमानपत्राच्या घडीत घातलं आणि घडी काखेत मारली.

“जलद डाक ना?” त्याने विचारलं.

शिगेओने मान हलवली.

“माझे केस राहिले कापायचे,” निशिओ म्हणाला. “उद्या येतो.”

तो रोजच्यासारखा कंबर धरत, रमत गमत निघाला. गाडीपाशी आल्यावर तो थांबला, काचेवर टकटक केलं आणि खाली वाकून जावयाशी काहीतरी बोलू लागला. वर्तमानपत्र काखेतच होतं. हिसाशीने काच खाली केली, हसला, मान डोलावली. निशिओ पुढे चालू लागला आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

सव्वापाचला गाडीचे दिवे लागले आणि ती ओसाकाच्या रस्त्याने गेली. दुसऱ्या दिवशी शिगेओने विचारलं तेव्हा निशिओ म्हणाला, “काही नाही हो. म्हटलं, सासऱ्यावर रागावू नका, तो जन्माचा भित्रा आहे.”

गुरुवारी संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. शिगेओच्या हातात कात्री होती, ती त्याने ठेवली. अंगठ्यावर पट्टी होती, रिसीव्हर नीट धरता येईना.

पलीकडून चिनात्सु म्हणाली, “बाबा, दाराला आतून कडी आहे.”

“लाव,” शिगेओ म्हणाला.

“लावलीय. दोनदा बघितली.”

“पुन्हा बघ.”

तो कानाला फोन लावून उभा राहिला. पलीकडे तिची पावलं ऐकू आली, मग लोखंडाचा आवाज, मग परत येणारी पावलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघत होतं, बघू दे. फोन ठेवल्यावर शिगेओने बापाचा कोरा शिक्का पुसला आणि परत वस्तऱ्यांच्या खणात, हाताला लगेच लागेल असा, अगदी पुढे ठेवला. हिसाशी पुन्हा कधी या खुर्चीत येऊन बसेल याचा नेम नव्हता.